बाण, बांध आणि वारूळ

देवळात अभिषेकास बसले, की भटजी संकल्प सोडतात. प्रथम काळाचा आणि स्थळाचा उच्चार होतो. कल्प, मन्वंतर, युग अशा पायऱ्या उतरत ते भरतखंडाशी येतात, तेथून दंडकारण्याशी, आणि आमच्या किनाऱ्यावरील अनेक देवस्थानांत त्या ओळीत 'परशुरामक्षेत्रे' हा शब्द ऐकू येतो. यजमान इंदूर-बडोद्याहून कुलदेवतेच्या दर्शनास आलेला असो, बेळगाव-खानापुराहून आलेला असो, वा देवळामागच्या वाड्यावरचाच असो, हा शब्द सर्वांच्या कानांवरून जातो. त्यापाशी थांबतो मात्र एखादाच. ज्या भूमीवर आपण पाट मांडून बसलो आहोत ती एका ऋषीने समुद्रापासून मिळविली, एवढे मोठे विधान त्या एका शब्दात सामावले आहे. ते कोठून आले, वाटेत त्याने कोणकोणती रूपे घेतली, आणि त्या रूपांनी आमची श्रद्धा कशी घडविली, ह्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

आम्ही ही कथा प्रथम ऐकली ती आजीच्या तोंडून, तिन्हीसांजेच्या दिव्यापाशी. परशुरामाने सह्याद्रीच्या माथ्यावर उभे राहून बाण सोडला, तो जेथे पडला तेथपर्यंत समुद्र मागे हटला, आणि उघडी पडलेली भूमी म्हणजे आपला देश. बाण पडला ते गाव बाणावली. आम्ही बालसुलभ शंका काढली, की समुद्र हटला तेव्हा त्यातल्या मासळीचे काय झाले? आजी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "नुस्तें उदकावांगडा गेलें, उरिल्लें खाजनांत आसा." आम्ही हसलो. त्या उत्तरात किती अर्थ होता हे कळावयास बरीच वर्षे जावी लागली. त्याकडे आम्ही पुढे येऊच.

ह्या कथेचे एक जुने रूप महाभारताच्या शांतिपर्वात आढळते. एकवीस वेळा क्षत्रियसंहार केल्यावर परशुरामाने अश्वमेध केला आणि जिंकलेली सारी पृथ्वी कश्यपास दक्षिणा म्हणून दिली. उरलेसुरले क्षत्रिय वाचावेत ह्या हेतूने कश्यपाने त्यास सांगितले, की आता माझ्या भूमीवर तू राहू नयेस. दक्षिण समुद्राच्या तीरी जा. तो गेला, आणि समुद्राने त्याच्यासाठी शूर्पारक नावाचा देश निर्माण केला. येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही, की ह्या प्रसंगात बाण नाही आणि परशूही नाही. समुद्र आपण होऊन जागा देतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ही मुळात विजयाची कथा नव्हे. सर्व काही जिंकून, सर्व काही देऊन टाकून, ज्याला उभे राहावयास पाऊलभर भूमी उरली नाही अशा एका पुरुषाला आसरा मिळाल्याची ही कथा आहे.

शूर्पारक म्हणजे वसईजवळचे आजचे सोपारा, हे आता सर्वमान्य आहे. एके काळी ते पश्चिम किनाऱ्यावरील मोठे बंदर होते. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तेथील स्तूप उकरून काढला, आणि अशोकाच्या शिलाशासनाचा एक तुकडाही त्यांना तेथेच सापडला. महाभारताच्या वनपर्वात जी तीर्थयात्रा सांगितली आहे, तीत शूर्पारकातील रामतीर्थाचा उल्लेख येतो. हे केवळ पोथीतले तीर्थ नव्हते. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात ह्याचा लेख आहे. तो इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. त्यात शूर्पारकातील रामतीर्थाचे नाव स्पष्ट कोरले असून तेथील व इतर काही ठिकाणच्या साधुसंघांना ३२,००० नारळीची झाडे दान दिल्याचे नमूद आहे. हा राम म्हणजे जामदग्न्य परशुरामच, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. परशुरामाचे नाव आणि नारळीची बाग ह्यांची सांगड आमच्या किनाऱ्यावर इतकी जुनी आहे, हे वाचून कोणाही कोकणस्थ वा गोमंतकीय मनुष्यास संतोष वाटेल.

पुढे कालिदासाच्या काळापर्यंत कथेत शस्त्र शिरलेले दिसते. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघूचा दिग्विजय वर्णिला आहे. तेथे अपरान्तात पसरलेल्या सैन्यामुळे, रामाच्या अस्त्राने दूर सारलेला समुद्रही जणू पुन्हा सह्याद्रीला येऊन भिडला, अशी कल्पना कवीने केली आहे. कवी ही कथा समजावून सांगत नाही. ओझरता उल्लेख करून पुढे जातो. ह्याचा अर्थ असा, की त्याच्या श्रोत्यांस ती ठाऊक होती. ज्या समुद्राने स्वखुशीने जागा दिली होती, तो आता अस्त्राच्या धाकाने मागे सरला होता.

ह्यानंतर कथा किनाऱ्याने दक्षिणेस उतरत गेली. जेथे जेथे ती गेली तेथे तेथे तिने त्या भूमीचे माप घेतले. चिपळूणजवळ डोंगरावर परशुरामाचे देवस्थान झाले. गोमंतकात काणकोणातील पैंगीण येथे त्याचे देऊळ आहे, आणि त्याच गावात वेताळही नांदतो. केरळात कथेने बाण टाकून परशू हाती घेतला. गोकर्णापासून कन्याकुमारीपर्यंत परशू फेकून परशुरामाने भूमी मिळविली, आणि तीत चौसष्ट ब्राह्मणग्रामे वसविली, त्यांपैकी बत्तीस तुळुनाडात, असे तिकडची परंपरा सांगते. म्हणजे पुरुष एकच आणि समुद्रही एकच. तरी सोपाऱ्याचा माणूस म्हणतो ती भूमी आमची, गोव्याचा म्हणतो आमची, मलबारचा म्हणतो आमची.

आणि घाट चढून वर गेले, की समुद्राचे नावही निघत नाही. बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या डोंगरावर किंवा नांदेडकडील माहुरास परशुराम आठवला जातो तो रेणुकेचा पुत्र म्हणून. तेथे कथा आहे ती पित्याच्या आज्ञेने मातेचा शिरच्छेद करणाऱ्या, आणि मग वर मागून तिला जिवंत करणाऱ्या मुलाची. किनाऱ्यावरच्या माणसाला भूमीची चिंता होती, त्याने बाण उचलला. घाटावरच्या माणसाला मातेची ओढ होती, त्याने रेणुका उचलली. वारशाने आलेल्या एकाच चरित्रातून प्रत्येक प्रदेशाने आपल्या गरजेचा भाग घेतला आणि त्याचे देऊळ बांधले. ह्यात लबाडी नाही. एकाच खाणीच्या दगडातून एकाने पाटा केला, दुसऱ्याने तुळशीवृंदावन केले, तर त्यांत खरे कोणते हे विचारण्यात अर्थ नाही.

गोमंतकाच्या दृष्टीने ह्या कथेचे सर्वांत महत्त्वाचे रूप सह्याद्रिखंडात आहे. हा ग्रंथ स्वतःस स्कंदपुराणाचा भाग म्हणवितो. पण त्याचे निरनिराळे अध्याय निरनिराळ्या काळी रचले गेले असावेत, असे अभ्यासकांचे मत आहे. त्याची छापील आवृत्ती प्रथम १८७७ मध्ये मुंबईस निघाली, आणि अनेक हस्तलिखिते ताडून ती सिद्ध करणारे पंडित होते जुझे गेर्सन द कुन्हा, बार्देशात जन्मलेले एक ख्रिस्ती वैद्य. आपल्या पूर्वजांनी ज्या परंपरेकडे पाठ फिरविली तिची पोथी एका गोमंतकीय ख्रिस्ती माणसाने इतक्या कष्टाने जतन केली, ही घटना स्वतःच विचार करावयास लावणारी आहे. ह्या ग्रंथात परशुराम केवळ भूमी मिळवून थांबत नाही. तो त्रिहोत्राहून दहा गोत्रांचे ब्राह्मण आणतो, आणि त्यांस कुशस्थळी, केळशी इत्यादी गावी वसवितो. सासष्टी हे नाव सहासष्ट वसाहतींवरून आणि तिसवाडी हे तीस वसाहतींवरून पडले, असेही परंपरा मानते.

येथे कथेने आणखी एक वळण घेतले. महाभारतात ती आश्रयाची कथा होती, काव्यात पराक्रमाची झाली. सह्याद्रिखंडात ती वतनाची कथा झाली. अमुक कुळे परशुरामाने आणली, म्हणून अमुक गाव त्यांचे, अमुक देवाचा मान त्यांचा. एका समाजाचा गौरव ज्या ग्रंथात आहे, त्याच ग्रंथात शेजारच्या समाजांची निंदा करणाऱ्या उत्पत्तिकथाही आहेत. त्या शेजाऱ्यांच्या घरी सांगितल्या जाणाऱ्या कथांत हाच क्रम अर्थातच उलटा होतो. त्या निंदेची येथे पुनरुक्ती करण्याचे कारण नाही. एवढेच ध्यानात ठेवावे, की देवाचे नाव घेऊन लिहिलेल्या प्रत्येक ओळीत देव बोलत असतोच असे नाही. पुष्कळदा तेथे माणूस आपल्या शेजाऱ्याशी भांडत असतो.

आता ह्या कथेच्या शेजारी एक निराळा कागद ठेवून पाहू. १५२६ मध्ये, तिसवाडी पोर्तुगीजांच्या हाती जाऊन सोळा वर्षे झाली असता, आफोंसु मेशिया नावाच्या खजिन्याच्या अधिकाऱ्याने गावकरीच्या जुन्या चालीरीती लिहून काढल्या. त्या सनदेत गावकऱ्यांच्या उगमाविषयीही दोन शब्द आहेत. जुन्या काळी चार माणसे एका ओसाड बेटाची लागवड करावयास गेली, त्यांनी ती जमीन उपजाऊ केली, आणि त्यांचे वंशज ते गावकर, असा त्याचा आशय आहे. येथे ना बाण, ना परशू, ना ऋषी. चार माणसे आणि ओसाड जमीन. गावकऱ्यांनीच परक्या अधिकाऱ्यास जे सांगितले असेल ते त्याने लिहिले असणार. एकाच भूमीच्या उगमाच्या दोन कथा एकाच वेळी नांदत होत्या. एक देवळात सांगावयाची, दुसरी हिशेबाच्या चोपडीत.

दुसऱ्या कथेतील कष्ट कोणते होते, हे पाहावयाचे असेल तर मांडवी-जुवारीच्या काठी खाजनात जावे. भरतीचे खारे पाणी नदीतून आत येते आणि सखल जमीन बुडविते. ते अडविण्यासाठी चिखल, पेंढा आणि चिऱ्यांचे बांध घातले. बांधात जागोजागी लाकडी दाराच्या मानशी बसविल्या. भरतीच्या पाण्याच्या दाबाने मानशीचे दार आपोआप बंद होते आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडते. पावसाळ्यात जमिनीतला खार धुऊन जातो, मग खारेपण सोसणारे कोरगुट भात पिकते. आणि आतल्या पाण्यात मासळी, सुंगटे वाढतात. गोव्यात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर आहे. ती खरोखरच समुद्रापासून मिळविलेली भूमी आहे. भूशास्त्र सांगते, की सह्याद्रीचा कडा आणि त्याच्या पायथ्याची पट्टी ह्यांची घडण कोट्यवधी वर्षांची आहे; कोणा माणसाने ती घडताना पाहिली नाही. परंतु बांधाच्या आतली जमीन उघडी पडताना माणसांनी पाहिली आहे. किंबहुना त्यांनीच ती उघडी पाडली. चिखलात कमरेइतके उभे राहून ज्यांनी समुद्र हातभर मागे सारला, त्यांच्या श्रमाची स्मृती परशुरामाच्या बाणात मिसळली असेल काय? हे सिद्ध करता येणार नाही. पण मासळीविषयीच्या आमच्या प्रश्नाला आजीने खाजनाचे नाव घेऊन उत्तर दिले, ते काही उगाच नव्हे. तिच्या मनात बाण आणि बांध शेजारी शेजारीच होते.

ह्या बांधावर राबणारे गावडे-कुणबी परशुरामाच्या कथेत कोठे आहेत? पोथीत शोधले तर ते हाती लागत नाहीत. पण देवळात ते आहेत, आणि तेही गाभाऱ्यात. गोमंतकातील गावोगावी सांतेरी ही ग्रामदेवता पूजिली जाते, आणि तिचे मूळ रूप म्हणजे वारूळ, कोंकणीत रोयण. मूर्ती नाही, मुखवटा नाही. जमिनीतून आपोआप वर आलेला मातीचा उंचवटा. कित्येक देवळांत आजही गाभाऱ्यात हे वारूळ आहे. जी भूमी बाणाने मिळाली असे पोथी म्हणते, तीच भूमी येथे स्वतः देवी म्हणून बसलेली आहे. तिला कोणी समुद्रातून काढलेले नाही, ती होतीच. दामोदर धर्मानंद कोसंबींनी १९६२ च्या 'मिथ अँड रिअॅलिटी' ह्या ग्रंथात गोव्याच्या गावकरीचा आणि मातृदेवतांचा जो मागोवा घेतला, त्यामुळे अशा जुन्या थरांकडे पाहण्याची दृष्टी पुष्कळांस मिळाली. त्यांची सर्व मते मान्य असोत वा नसोत, देवळाच्या चौथऱ्याखाली आणखी एक चौथरा असू शकतो, हे त्यांनी दाखविले.

ही सांतेरी पुढे शांतादुर्गा झाली. नामसाम्याने हे रूपांतर सुलभ केले, पण केवळ नाव बदलून देवता बदलत नाही. त्यासाठी कथा लागते. ती कथा अशी: शिव आणि विष्णू ह्यांच्यात घोर युद्ध पेटले, सृष्टी भयभीत झाली, तेव्हा ब्रह्मदेवाच्या प्रार्थनेवरून देवी दोघांच्या मध्ये उभी राहिली, एकास एका हाती आणि दुसऱ्यास दुसऱ्या हाती धरून तिने तंटा मिटविला. दुर्गा म्हणजे महिषमर्दिनी, शस्त्रधारिणी. तिची ही शांत मूर्ती गोमंतकाने आपलीशी केली. ज्या सारस्वत समाजाने ही देवी शिरोधार्य मानली, त्यात स्मार्त आणि वैष्णव असे दोन पंथ आहेत. एकांचा मठ कवळ्याचा, दुसऱ्यांचा पर्तगाळीचा. एकाच कुळाच्या नातलगांत कोणी भस्म लावी, कोणी गोपीचंदन. अशा समाजाला हरि-हरांच्या मध्ये उभी राहणारी माता प्रिय व्हावी, हे आम्हांस अगदी स्वाभाविक वाटते. घरातला तंटा देवलोकात नेऊन तेथे तो मिटविलेला पाहणे, ह्याहून सौम्य उपाय कोणता? आणि ह्या साऱ्या घडामोडीत वारूळ कोणी मोडून टाकले नाही. नवी कथा जुन्या मातीवर बसली, माती तशीच राहिली. संकल्पात शांतादुर्गा म्हणावे आणि वाड्यावर सांतेर म्हणावे, अशी दोन्ही नावे सुखाने नांदली.

मग सोळावे शतक आले. १५१० मध्ये तिसवाडी पोर्तुगीजांच्या हाती गेली होती. १५४० च्या सुमारास तेथील देवळे पाडली गेली. १५४३ मध्ये सासष्टी व बार्देश त्यांच्याकडे आले. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले, आणि १५६७ मध्ये राशोलच्या किल्लेदाराने सासष्टीतील देवळांचा विध्वंस केला. ह्या धामधुमीत कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास. रात्री होडीतून, कधी डोक्यावरून, देव नदीपलीकडे नेले गेले. पलीकडचा अंत्रुज महाल तेव्हा विजापूरच्या आदिलशहाच्या राज्यात होता. म्हणजे आमच्या देवांना प्रथम आसरा मिळाला तो मुसलमान राजाच्या मुलखात. हे विसरू नये. पुढे अठराव्या शतकात सातारच्या शाहू छत्रपतींच्या आश्रयाने व नारोराम मंत्र्यांच्या खटपटीने कवळ्याचे आजचे भव्य देऊळ उभे राहिले.

परशुरामाने वसविली अशी ज्यांची श्रद्धा होती ती गावे सुटली, तेव्हा त्या श्रद्धेचे काय झाले? ती तुटली नाही. कथेनेच आपले जुने, विसरलेले रूप पुन्हा धारण केले, असे आम्हांस वाटते. ज्याला उभे राहावयास भूमी उरली नाही त्याला कोठेतरी आसरा मिळतो, हा शांतिपर्वातील मूळ अर्थ वतनाच्या अभिमानाखाली शतकानुशतके दबला होता. नदी ओलांडणाऱ्या कुटुंबांच्या अनुभवात तो जिवंत झाला. शांतादुर्गाही आता केवळ हरि-हरांची समेट करणारी राहिली नाही. भयातून शांतीकडे नेणारी माता, हा तिचा अर्थ ज्यांना प्रत्यक्ष भोगावा लागला त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आणि जे नदी ओलांडू शकले नाहीत, किंवा ओलांडली नाही? त्यांचा धर्म बदलला. पण पुराण ऐकण्याची तहान बदलली नाही. फादर स्टीफन्स ह्यांचे मराठी क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलास छापले गेले. जुनी पुराणे गेली, तशीच नवी आम्हांस का देत नाही, अशी मागणी नवख्रिस्ती लोकांकडूनच आली, असे त्या ग्रंथाच्या आरंभीच्या भागातून दिसते. तेव्हा ख्रिस्ताची कथा ओवीत आली. लोकांनी तर त्याही पुढे जाऊन नाते जोडून ठेवले. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया इत्यादी सात बहिणींची कथा गोव्यात सर्वतोमुखी आहे. त्या बहिणींपैकी एक मिराबाय, आणि ती म्हणजे म्हापशाच्या इगर्जीतील मिलाग्र सायबीण, असे हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही सांगतात. लईराईच्या देवळातून सायबिणीला तेल जाई आणि तिकडून फुले येत, अशी परंपरा आहे. राज्यसत्तेने जी कुटुंबे तोडली ती कथेने बहिणी म्हणून एकत्र ठेवली. हे काम कोणा पंडिताने केले नाही. देवळात तेल आणि इगर्जीत मेणबत्ती लावणाऱ्या बायामाणसांनी केले.

एवढे वाचल्यावर कोणी श्रद्धाळू मनुष्य विचारील, की कथा जर अशी बदलत आली असेल तर ती खोटीच म्हणावयाची काय? आणि कोणी नवशिक्षित म्हणेल, की खोटी असल्यास टाकून का देऊ नये? दोघांस आमचे उत्तर एकच आहे. परशुरामाच्या बाणाने समुद्र हटला की नाही, हा प्रश्न भूशास्त्राचा आहे आणि त्याचे उत्तर भूशास्त्राने दिले आहे. ते नाकारण्यात भक्ती नाही. पण कथा त्या प्रश्नाचे उत्तर देत नव्हतीच. भूमी आपली नसून मिळालेली आहे, म्हणून तिच्याशी नम्रतेने वागावे. उखडले गेलो तरी आसरा मिळतो. भांडणाऱ्यांच्या मध्ये कोणीतरी उभे राहिले पाहिजे: एवढ्या गोष्टी तिने शिकविल्या आणि लोक त्या जगले. बदल हे कथेच्या खोटेपणाचे लक्षण नव्हे. ती अजून कोणाच्या तरी उपयोगी पडत आहे, ह्याचे ते लक्षण आहे. मात्र प्रत्येक बदल सारखाच चांगला नसतो, आणि येथेच आमच्यावर जबाबदारी येते.

सातबहिणींच्या कथेने माणसे जोडली. सह्याद्रिखंडातल्या निंदाकथांनी ती तोडली. दोन्ही पुनर्कथनेच होती. तेव्हा वारशाने आलेली कथा आपण पुढच्या पिढीस कोणत्या रूपात देतो, हा प्रश्न पंडितांपुरता उरत नाही. आमच्या देवस्थानांत मान कोणाचा, पालखीस खांदा कोणाचा, कौल प्रथम कोणी लावावा, ह्यावरून वाद होतात. १९३३ च्या महाजनी नियमांनी महाजन कोण हे कागदावर बांधून दिले. त्या आधीपासूनच मूळपुरुषाच्या कथा हक्काच्या पुराव्यासारख्या वापरल्या जात. कायद्याचे निकाल कायद्याने लागोत. आमचे म्हणणे एवढेच, की ज्या कथेचा नायक जिंकलेली सारी पृथ्वी दान करून रिकाम्या हाताने समुद्राकडे चालता झाला, तिला कोणासही देवळाच्या पायरीवर अडविण्याचे साधन करणे, हे त्या नायकाच्या चरित्राशी विसंगत आहे. वारूळ ज्यांनी प्रथम पूजिले, बांध ज्यांनी घातला, ते आमच्या पोथीत नसतील. पण आमच्या ताटातला भात आणि गाभाऱ्यातली माती त्यांचीच आहे.

बांधांचीही दशा आज चिंताजनक आहे. गावकरी दुबळी झाली, १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्यास न्याय मिळाला पण बांध राखण्याची एकत्र जबाबदारी सैल पडली, आणि कित्येक ठिकाणी मानशी मोडून खारे पाणी शेतात शिरले आहे. परशुरामाने मागे हटविलेला समुद्र हळूहळू परत येत आहे असे म्हटले, तर ती कविकल्पना ठरणार नाही. समुद्राची पातळी वाढत असल्याचे शास्त्रज्ञ सांगतातच. अशा वेळी परशुरामक्षेत्र हा शब्द केवळ पूर्वजांचा गौरव म्हणून उच्चारून भागेल काय?

पुढील खेपेस देवळात संकल्प चालू असता तो शब्द कानी पडेल, तेव्हा पळीतले उदक सोडण्यापूर्वी क्षणभर थांबावे. बाण आठवावा, तो आम्हांस पोथीने दिला. बांध आठवावा, तो ज्यांनी घातला त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. आणि वारूळ आठवावे. ते ह्या दोहोंच्या आधीचे. लहान मुलांस ही कथा सांगताना तिघांसही तीत जागा द्यावी. मूल जर विचारील, की मासळीचे काय झाले, तर त्याला हसू नये. त्याला खाजनाच्या बांधावर घेऊन जावे आणि ओहोटीच्या वेळी मानशीचे दार उघडताना दाखवावे.